धरणासाठी एक आकडा

तिने दोनशे लिहिलं, खोडलं, आणि पुन्हा दोनशेच लिहिलं.

टेबलापलीकडे बसलेल्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाई, आकडा लिहिताय की रांगोळी काढताय? काय ते एकदाचं ठरवा."

"ठरलंय साहेब. दोनशे मिलिमीटर. उद्या सकाळपासून परवा सकाळपर्यंत."

"थोडा कमी नाही का होणार?"

"मी कमी केला म्हणून पाऊस ऐकणार आहे का?"

साहेब हसले, पण हसू चेहऱ्यावर फार वेळ टिकलं नाही. ऑफिसात पाठीमागे सगळे त्यांना सरासरी साहेब म्हणत. त्यांच्या हातून निघालेला प्रत्येक अंदाज फिरून फिरून सरासरीच्या आसपास येऊन बसायचा. सरासरी सांगणाऱ्याला आजवर कुणी जाब विचारलेला नाही, हा त्यांनी अख्ख्या नोकरीत लावलेला एकमेव शोध. आता निवृत्ती तोंडावर आली होती आणि अंगावर शिंतोडा न उडता घरी जायचं एवढीच त्यांची इच्छा होती. त्यात वाईट काय होतं? तिलाही कधीकधी वाटायचं, आपण त्यांच्यासारखं असायला हवं होतं.

अंदाज बांधायच्या त्या खोलीला खिडकी नव्हती. आभाळाकडे पाठ करून आभाळाचं भविष्य सांगणारी माणसं, असे विनोद इतके होऊन गेले होते की आता ते कुणी करतही नसे. भिंतभर पडदे, त्यांच्यावर रंगीत नकाशे, कोपऱ्यात घरघरणारं थंड हवेचं यंत्र आणि त्याच्या खाली ठेवलेली बादली. त्या यंत्रातून ठिबकणारं पाणी फेकायचं नाही, फरशीला वापरायचं, ही सवय गेल्या वर्षापासून लागली होती. बादली भरली की ती उचलायचं काम कुणी तिला सांगत नसे. नेमकं तेच तिला टोचायचं.

समोरच्या पडद्यावर उपसागरात तयार झालेला कमी दाबाचा भोवरा जमिनीवर चढून आला होता. गेले काही आठवडे पावसाने दडी मारली होती. तसं दर मोसमात एकदा तरी होतं. पावसाचा पट्टा सरकत सरकत दूरच्या उंच पर्वतांच्या पायथ्याशी जाऊन बसतो, तिकडे पूर येतात आणि इकडे नुसता कोरडा वारा सुटतो. मग उपसागरात असा एखादा भोवरा उठतो, पट्ट्याला खेचून खाली आणतो, समुद्रावरचं वारं जोर धरतं, आणि ते डोंगरांना धडकलं की जे काही कोसळतं ते नेमकं धरणाच्या डोक्यावर. कोसळणार हे लहान मुलालाही सांगता आलं असतं. किती कोसळणार, याचा पगार तिला मिळत होता.

संगणक एकच आभाळ पन्नास वेळा चालवून बघायचा, दर वेळी सुरुवातीला इकडचं तिकडे किंचित करून. आजच्या पन्नासांपैकी बहुतेक भोवरे नाकासमोर पश्चिमेला येत होते. चार-पाच मात्र अर्ध्या वाटेत उत्तरेला वळत होते आणि सगळा पाऊस काखोटीला मारून निघून जात होते.

गेल्या वर्षीही चार-पाचच वळले होते. आणि खरं आभाळ नेमकं त्या चार-पाचांच्या मागून गेलं.

"धरणाला कळवायचंय ना?" साहेबांनी उठता उठता विचारलं. "पेपरवाल्यांसाठी मी लिहितो. काही ठिकाणी जोरदार, तुरळक ठिकाणी अतिजोरदार. धरणाचं मात्र तुम्ही बघा."

म्हणजे धरणाच्या आकड्याखाली सही तुमची, असा त्याचा अर्थ. ती मान हलवून म्हणाली, "बघते."

धरणाला पन्नास आभाळं चालत नाहीत. तिथल्या तक्त्यात एकच रकाना आहे, त्यात एकच आकडा भरायचा, आणि त्या आकड्यावरून जलाशय किती रिकामा करायचा ते ठरतं. मोसम संपत आला होता, जलाशय काठोकाठ होता. आकडा कमी पडला, तर येणारं पाणी मावणार नाही, सगळे दरवाजे एकदम उचलावे लागतील आणि नदीकाठची खालची वस्ती छपरापर्यंत बुडेल. आकडा जास्त झाला, तर सोडलेलं पाणी समुद्राला मिळेल आणि मागून भरायला पाऊस उरणार नाही. मग अख्खं शहर पुढच्या मोसमापर्यंत हंडे घेऊन फिरेल. गेल्या वर्षी फिरलं होतं.

आणि हा आकडा धरणावर जो उघडून वाचायचा, तक्त्यात भरायचा आणि दरवाजे उचलायला सांगायचा, तो तिचा नवरा होता.

गेल्या वर्षी तिने दिलेल्या आकड्यावर त्याने धरण निम्मं रिकामं केलं. भोवरा वळला, दोन सरी पडल्या, ऊन पडलं. शहरात पाणी आधी एक दिवसाआड झालं, मग चार दिवसांनी येऊ लागलं, मग टँकर आले. चौकशी बसली. तिथे त्याने अंदाजाचं नावही काढलं नाही. निर्णय माझा होता, एवढंच तो म्हणाला. त्याची बढती त्याच्या मागून आलेल्याला मिळाली. घरी येऊन त्याने पायातले बूट काढले, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तू तरी काय करणार? आभाळच फिरलं."

त्यानंतर त्या विषयावर घरात चकार शब्द निघाला नाही. कामाचं घरी बोलायचं नाही, ऑफिसात एकमेकांना फोन करायचा नाही, असं दोघांनी ठरवून टाकलं. म्हणजे त्याने सुचवलं आणि तिने हो म्हटलं. सासूबाई भाजी धुतलेलं पाणी एका पातेल्यात, तांदळाचं दुसऱ्या पातेल्यात साठवायच्या, त्यातच भांडी विसळायच्या, गुडघे धरत धरत टँकरपाशी जायच्या, पण तोंडातून ब्र नाही. ती धावत जाऊन कळशी घ्यायला लागली तर म्हणायच्या, "अगं राहू दे, तू दमून आलीयस." तिला वाटायचं, यांनी एकदा तरी कळशी आदळावी. नवऱ्याने एकदा तरी ताट भिरकावावं. शेजारणींचं बरं होतं, त्या तोंडावर विचारायच्या, "हवामानबाई, कपडे वाळत घालू का?" आणि ती घाला म्हणाली की मुद्दाम तिच्या देखत आत नेऊन टाकायच्या. त्यांच्यावर निदान रागावता तरी येत होतं. घरातल्या चांगुलपणाला मात्र दारच नव्हतं, की ढकलून बाहेर पडावं. वर्षभर ती त्यात कोंडून पडली होती.

या मोसमात तिचे आकडे बरोबर आले होते. एकूण एक. पण तेही कुणी तिला म्हणालं नाही, कारण बरोबर आलेला आकडा कुणाच्या लक्षात राहत नाही.

मग एका सुट्टीच्या दिवशी ऑफिसात जाऊन आकडा पाठवून ती लवकर परतली होती आणि गॅलरीत कपडे वाळत घालत होती. आत स्वयंपाकघरात नवरा धरणावरच्या मदतनिसाशी फोनवर बोलत होता. ती घरात नाही, असं त्याला वाटत असावं.

"आकडा आला का? किती? नव्वद? मग साठ धर. हो, हो, नेहमीसारखं. तिचा आकडा आला की तिसरा हिस्सा काढून टाकायचा. नाही रे, लिहायचं कुठे नाही. आपल्यातच ठेव."

ती ओली चादर खांद्यावर टाकून तशीच उभी राहिली. पाठ भिजली तरी तिला कळलं नाही. आकडा कापला याचं तिला तेवढं वाईट वाटलं नाही. अंदाजावर विसंबून ज्याचे हात एकदा पोळलेत तो फुंकर मारणारच. पण 'नेहमीसारखं' हा शब्द तिला सोडेना. तिची सही असलेला प्रत्येक कागद तिकडे पोचला की हा माणूस शांतपणे त्याचा तिसरा हिस्सा काढून टाकत होता, आणि संध्याकाळी घरी येऊन तिला विचारत होता, चहा टाकू का?

त्या वेळी नव्वदचे नव्वद पडले. जलाशयात जागा होती म्हणून साठ धरूनही निभावलं. आज मात्र जागा नव्हती.

साहेब बाहेर गेले. ती खोलीत एकटी राहिली. तिने फोन उचलला, त्याचा नंबर काढला आणि अंगठा त्यावर धरून ठेवला. एकच वाक्य म्हणायचं होतं. या वेळी कापू नकोस. पण ते म्हणायचं, तर आधी म्हणायला हवं होतं की तू कापतोस ते मला माहीत आहे. मग गॅलरी, मग ती चादर, मग इतके आठवडे तू गप्प का राहिलीस, मग गेलं वर्ष. त्या एका वाक्याच्या मागे सगळं घर उभं होतं. शिवाय फोन करायचा नाही, हे ठरलेलंच होतं. तिने फोन पालथा ठेवला.

मग तिने तो हिशेब केला. इतका सोपा, की करताना लाज वाटावी. दोनशे पाठवले तर तो एकशे तेहतीस धरणार, आणि खालची वस्ती बुडणार. तीनशे पाठवले तर तिसरा हिस्सा काढून बरोबर दोनशे उरणार. नवऱ्याशी बोलण्यापेक्षा धरणाशी खोटं बोलणं सोपं होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिने चुकीचे आकडे पुष्कळ दिले होते, पण खोटा एकही दिला नव्हता. तिच्या दृष्टीने या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक होता, आणि तो फरक तिच्याखेरीज कुणाला कळत नसला तरी त्याच्याच जिवावर ती रोज या खोलीत येऊन बसत होती.

तिने दोनशे खोडलं. तीनशे लिहिलं. खाली सही केली आणि संदेश पाठवून दिला.

नंतर ती बराच वेळ हात धूत राहिली, आणि पाणी वाया जातंय हे लक्षात आल्यावर चटकन नळ बंद केला.

दुपार होत आली तशी ती मागच्या अंगणात गेली. तिथे पर्जन्यमापकांची रांग होती, वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण होता आणि भिंतीला टेकून एक मोडकी खुर्ची होती. बाणाने पश्चिमेकडे तोंड केलं होतं. आभाळ अजून निळं होतं, फक्त डोंगरांच्या वरची कड मळकट दिसत होती. ती डबा मांडीवर घेऊन खुर्चीत बसली, पण झाकण काढलं नाही. ती भोंग्याची वाट बघत होती.

दरवाजा उचलायच्या आधी खालच्या वस्तीला सावध करण्यासाठी भोंगा वाजवायचा, एका दरवाजाला एकदा, अशी धरणाची पद्धत होती. वाऱ्याची दिशा बरोबर असली की तो इथवर ऐकू यायचा. दोनशेला चार दरवाजे, हे तिला नवऱ्याइतकंच पाठ होतं. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी तो तिला धरण दाखवायला घेऊन गेला होता, तेव्हा भिंतीवर उभं राहून त्याने तिच्याकडून ते पाढ्यांसारखं घोकून घेतलं होतं. तेव्हा दोघं कामाचंच बोलायचे. दुसरं काही सुचायचंच नाही.

पहिला भोंगा झाला. मग दुसरा. तिने डब्याचं झाकण काढलं. तिसरा. चौथा झाला तेव्हा तिने मोठा श्वास सोडला आणि घास तोडला. तिचं गणित बरोबर आलं होतं. उद्या खालची वस्ती कोरडी राहणार होती, धरण काठोकाठ भरणार होतं, आणि हे कसं झालं ते तिच्याखेरीज कुणालाही कधी कळणार नव्हतं.

तेवढ्यात पाचवा भोंगा वाजला.

तिचा हात तोंडापाशी थांबला. तिला वाटलं, आपलीच मोजण्यात चूक झाली असेल. मग सहावा वाजला, आणि चुकण्यासारखं काही उरलं नाही.

फोन थरथरला. पडद्यावर नवऱ्याचं नाव होतं. वर्षभरात या वेळी ते नाव कधी आलं नव्हतं.

"जेवलीस?" त्याने विचारलं. मागून पाण्याचा मोठा आवाज येत होता.

"बसलेय. काय झालं?"

"काही नाही. फोन करायचा नाही असं ठरलंय, माहितीये मला. पण संध्याकाळपर्यंत दम निघेना. तुला एक सांगायचंय. रागावलीस तरी चालेल. गेल्या वर्षापासून मी तुझे आकडे कापत होतो."

तिने हातातला घास परत डब्यात ठेवला.

"ऐकतेयस ना? तिसरा हिस्सा. दर वेळी. तुला सांगायची हिंमत झाली नाही. काल इथे बसून या मोसमातला पाऊस आणि तुझे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघितले. तू एकदाही चुकली नाहीस गं. एकदाही नाही. मलाच माझी इतकी लाज वाटली, काय सांगू."

"हं."

"म्हणून आज एका मिलिमीटरलाही हात लावला नाही. मदतनीस म्हणत होता, साहेब तीनशे फार होतात, थोडं कमी धरू. मी म्हटलं, बाईंनी तीनशे म्हटलंय ना, मग तीनशे. सहा दरवाजे उचललेत. ऐकू येतंय का तुला? थांब, फोन बाहेर धरतो."

त्याने फोन बाहेर धरला. तिच्या कानात पाणी कोसळू लागलं. शहराचं पाणी. सासूबाईंच्या पातेल्यातलं, टँकरमधलं, पुढच्या उन्हाळ्यातलं.

तो पुन्हा फोनवर आला तेव्हा त्याचा आवाज हलका झाला होता. इतका हलका तिने तो लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर ऐकला नव्हता. "संध्याकाळी लवकर येतो. आईला सांग, आज स्वयंपाक मी करतो. आणि हे बघ, ते कामाचं बोलायचं नाही वगैरे, ते जाऊ दे आता. मूर्खपणाच होता तो."

ती खुर्चीतून उठली. डबा खाली ठेवायचा राहिला, तो हातातच होता. वर्षभर तिला हाच आवाज हवा होता. फक्त 'बरं' म्हणायचं होतं. भोवरा आपल्या वाटेने येईल, दोनशे पडतील, आणि तीनशे म्हणणाऱ्या बाईला लोक पुन्हा नावं ठेवतील. त्याची तिला सवय होती. हवामानखात्याचं हे नेहमीचंच, म्हणून सोडून देतील. तोही म्हणेल, तू तरी काय करणार. आणि तिला जेवायला वाढेल.

"गप्प का झालीस? रागावलीस ना?"

"नाही."

"मग?"

डोंगरांवरची मळकट कड आता वर सरकत होती. बाणाचं तोंड अजून पश्चिमेलाच होतं. काही वळलं नव्हतं.

"दोन दरवाजे बंद कर," ती म्हणाली.

"का? काही बदललं का? भोवरा वळला?"

"नाही. सकाळी होतं तसंच आहे सगळं."

"मग बंद कशाला करू?"

"तू कापतोस ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी ऐकलं होतं. गॅलरीतून. म्हणून आज मी वाढवून लिहिलं. तू कापल्यावर बरोबर उरेल असं."

तिला वाटलं, फोन बंद झाला की काय. पण पाण्याचा आवाज येत होता. मग त्याने फोनवर हात ठेवून कुणाला तरी काहीतरी ओरडून सांगितलं, कुणीतरी लांबून हो साहेब म्हणालं, आणि थोड्या वेळाने त्या आवाजातला एक जाड पदर निघाल्यासारखा झाला. पाठोपाठ आणखी एक. दरवाजे खाली आले होते.

"खरा आकडा किती?" त्याने विचारलं. चौकशी संपवून घरी आला तेव्हा त्याचा आवाज जसा होता, तसाच आता होता. सभ्य.

"दोनशे."

ती वाट बघत उभी राहिली. तिला दिसत होतं, तो त्या तक्त्यासमोर बसला असेल, पेन त्या एका रकान्यावर धरलेलं असेल.

"दोनशे म्हणजे किती?" त्याने विचारलं.